हिवरदरीची एकचूल

हिवरदरीला देवीच्या देवळासमोर सात हात लांबीची चूल आहे. चैत्री पुनवेला घरोघरच्या चुली अन् गॅस बंद असतात. अख्खा गाव या एका चुलीवर जेवतो. त्या दिवशी सरकारी माणूस आला तर आधी त्याच्या हाती फुंकणी देतात, मगच पान वाढतात. पाहुणे हसतात, तेव्हा रंभाजी गुरव त्यांना पायरीवर बसवून ठकूबाई कुंभारणीची गोष्ट सांगतात.

कंपनी सरकारचा अंमल होता म्हणे. शेतसारा होताच, वर चूलपट्टी बसली. ज्या घरची चूल गरम, त्या घराने कर द्यायचा. नाहीतर कर वसूल करणाऱ्या कामदाराची माणसं चूल उखडून टाकत. तिच्या घरची सोडली तर गावातली एकूण एक चूल ठकूबाईने घडवलेली. बाई विधवा, जिभेची तिखट, पण चुलींवर तिची लेकींसारखी माया. एकदा एका बाळंतिणीच्या घरची चूल उखडलेली दिसली आणि तिचं डोकंच फिरलं.

घरी येऊन तिने स्वतःच्या चुलीवर पाणी ओतलं. नवऱ्याने घडवलेली तेवढी एकच चूल राहिली होती. तिला रडू कोसळलं, असं सांगतात. मग डोळे पुसून ती चावडीवर गेली.

"समद्या चुली इझवा. एकच पेटवू, देवीम्होरं. बघू कामदार कशाकशावर पट्टी लावतोय!"

कामदार घरोघर चुलींवर तळवा ठेवत फिरला, सगळ्या थंडगार. गाव मात्र देवळापुढे जेवत होता. सुरुवातीला पंगती जातवार बसत.

"धूर एक, मग पंगती चार कशाला रं?" ठकूबाई पळी आपटून म्हणाली. महिन्याभरात पंगत एक झाली. एकत्र जेवणारी माणसं एकत्र बोलूही लागली. चूलपट्टीच कशाला, हा सारा तरी कुणाला विचारून बसवला, असं पोरीबाळीही विचारू लागल्या.

कामदाराने चिडून देवीपुढची चूल विझवली. तिथेच तो चुकला. विस्तव मागायला आलेल्याला आपल्याकडे कुणी रिकामं पाठवत नाही. शेजारच्या सात गावांनी या चुलीचा विस्तव कधीच नेला होता. दुसऱ्या दिवशी सात गावांत सात धूर निघाले आणि दुपारी सातही गावं कचेरीवर चालून गेली. शिपाई पळाले. कचेरीच्या दाराची लाकडं फोडून तिथेच पिठलं शिजलं म्हणे.

कामदार कणगीत सापडला. लोकांनी धोंडे उचलले. ठकूबाई आडवी आली आणि तिने त्याच्या हाती फुंकणी दिली.

"फुंक."

तिने मुद्दाम चुलीत ओली लाकडं सारली, डोळ्यांत धूर. तो खोकून खोकून रडला.

"आलं का पानी? आमच्या डोळ्यांत असंच आणत व्हतास. घे, भाकर खा. या चुलीवरनं उपाशी कुनी जात न्हाई."

पुढे पलटण आली, कचेरीही पुन्हा बसली. चूलपट्टी मात्र परतली नाही.

आजही पुनवेला नवे तहसीलदार फुंकणी घेऊन वाकतात, धुराने बेजार होतात, गाव पोट धरून हसतो. डोळ्यांत पाणी आलं की पहिली भाकर त्यांनाच.