गुणाजीचा अकरा महिन्यांचा करार

एका गावात गुणाजी नावाचा घरमालक राहायचा. भोळा होता, असं आपण म्हणू. गाव दुसरा शब्द वापरायचं.

मालक तो नावाचा. घर उभं केलं होतं त्याच्या बायकोने, मंजुळाने. शेळ्या विकून तिने राहत्या घराला लागून एक खोली बांधली होती. तिचा बेत साधा होता: ही खोली भाड्याने लावायची, भाडं साठवायचं, त्यातून दुसरी बांधायची, मग तिसरी. घाई नाही, कर्ज नाही. म्हातारपणी कुणापुढे हात पसरायची वेळ येऊ नये, एवढंच तिचं मागणं. त्याच्या आड एकच गोष्ट होती, आणि ती खांद्यावर पंचा टाकून ओट्यावर बसलेली असायची.

पहिला भाडेकरू आला तो एक मास्तर. मंजुळा बाजाराला गेली होती. मास्तरांनी चावी मागितली, गुणाजीने दिली. चार महिन्यांनी मास्तरांची बदली झाली, आणि जाताना त्यांनी भाडं तर बुडवलंच, खोलीतला पंखाही नेला.

"अवं, अशानं खोली ऱ्हाईल का?" मंजुळा म्हणाली. "दारात कुनी पिशवी घिऊन आला की आदी अनामत मागायची, मग आत घ्यायचं. गाठ बांधा!"

गुणाजीने पंच्याला गाठ बांधली.

आठ दिवसांनी दारात पिशवी घेऊन सासरे आले. पिशवीत लेकीसाठी गूळ आणि भुईमुगाच्या शेंगा. गुणाजी दारात आडवा उभा राहिला.

"आदी अनामत."

"कशाची, जावईबापू?"

"पंख्याची."

म्हातारा तासभर उन्हात तिष्ठला. शेवटी बिचाऱ्याने डोक्यावरचा फेटा काढून दिला, तेव्हा कुठे आत पाऊल पडलं. मंजुळाने कपाळावर हात मारला.

"माझ्या बापाला दारात उभं केलं? आल्याला हात धरून आत आनायचं, पाय धुवायला पानी द्यायचं, आन् म्हनायचं, घर तुमचंच हाय! गाठ बांधा!"

गुणाजीने दुसरी गाठ बांधली.

मंजुळा बापाला पोचवायला माहेरी गेली, आणि खोली बघायला दवाखान्यातले कंपाउंडर ढगे आले. गुणाजीने त्यांना हात धरून आत आणलं, पाय धुवायला पाणी दिलं.

"घर तुमचंच हाय," तो म्हणाला.

"खरंच?" ढगे म्हणाले.

"तर काय!"

दुसऱ्या दिवशी ढगे बायको, चार पोरं आणि एक म्हैस घेऊन राहायला आले. भाडं मागितलं की म्हणायचे, स्वतःच्या घराचं भाडं कुणी देतं का? त्यांना बाहेर काढायला पंचांच्या पाया पडता पडता मंजुळाचे नऊ महिने गेले. दुसऱ्या खोलीचा पाया खणायचा राहिला तो राहिलाच.

"आता नीट ऐका," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "कुनीबी असू द्या, अकरा म्हयन्यांचा करार. अकरा म्हयनं झालं की सामान भाईर. रडला, पाया पडला, तरी सोडायचं न्हाई. मानूस जुना झाला की हलत न्हाई, आन् घर हातचं जातं!"

ही गाठ गुणाजीने दात लावून आवळली.

खोलीत तिने करार करून एक नर्सबाई ठेवली आणि महिन्याभराने बहिणीच्या बाळंतपणाला निघाली. जाताना म्हणाली, "बाकी काय नगं. आल्यावर घर जाग्यावर दिसलं पायजे."

गुणाजी एकटा बसून गाठी चाचपत राहिला. नर्सबाईला एकच महिना झाला होता. म्हणजे ती ठीक. मग घरात जुनं कोण? त्याने बोटं मोजली आणि त्याला घाम फुटला. तो स्वतः बावीस वर्षं राहत होता! आणि करार? नव्हता!

त्याने स्वतःला बजावलं, सामान बाहेर. जरा रडू आलं. पण रडला तरी सोडायचं नव्हतं.

मंजुळा महिन्याने परतली तेव्हा गुणाजी अंगणातल्या शेवग्याखाली बसला होता. शेजारी हंडे, गोधड्या, तिची ट्रंक. ट्रंकेवर कोंबडी. तिकडे अंगणाच्या कडेला ओळखीची म्हैस.

"अवं, हे काय?"

"घर जाग्यावर हाय, बघ," गुणाजी अभिमानाने म्हणाला. "आपुनच जुनं झालो हुतो, म्हनून काढलं. मोकळं कशाला ठेवायचं, म्हनून भाड्यानं लावलं. अनामत घेतली, अकरा म्हयन्यांचा करार केला. एक गाठ चुकली न्हाई!"

मंजुळा पिशवी घेऊन तशीच दाराकडे धावली. दार उघडलं. आत ढगे उभे होते. त्यांनी हसून हात जोडले.

"या, या, वहिनी. घर तुमचंच आहे!"

"आसं म्हनू नका, ढगेसाहेब!" गुणाजी शेवग्याखालून ओरडला. "मी म्हनलो हुतो एकदा. काढायला नऊ म्हयनं लागलं!"