राजाचं आरूढ लग्न

फार पूर्वी, पंचांगं हाताने लिहीत त्या काळी, एका छोट्या राज्यात एक जोशीणबाई होती. तिचा नवरा राजजोशी. तो पत्रिका मांडायचा आणि ही शेजारी बसून चिंचोक्यांनी घरं मोजायची. वीस वर्षं मोजून मोजून तिला सगळं गणित पाठ झालं.

नवरा वारला. राहतं घर राजजोशाच्या मानाचं, म्हणून महिन्याभरात ते रिकामं करा असा निरोप आला. जोशीणबाई थेट दरबारात गेली. "घर का सोडू? काम मला येतं."

दरबार पोट धरून हसला. राजाला मात्र गंमत वाटली. त्याने तीन शास्त्र्यांना आणि तिला एकच काम दिलं. "माझं लग्न, म्हणजे पत्रिकेतलं पहिलं घर, सिंह राशीचं. मी कसा आहे ते लग्न सांगतं. लोकांना कसा दिसतो, ते आरूढ लग्न सांगतं. ते मोजा. जो बरोबर मोजेल, घर त्याचं."

शास्त्री मोजू लागले. सिंहेचा स्वामी सूर्य सातव्या घरात बसला होता. नियम असा, की लग्नापासून स्वामीपर्यंत जितकी घरं, तितकीच स्वामीपासून पुढे मोजायची. सात आणि पुन्हा सात. मोजणी फिरून सिंहेवरच आली.

"महाराज सिंह आहेत आणि सिंहच दिसतात!" तिघे एका सुरात म्हणाले. राजाने मिशीला पीळ दिला. पुढचा नियम तिघांनाही पाठ होता, पण ती मिशी बघून तो एकालाही आठवेना.

जोशीणबाई थांबली नाही. "मोजणी आपल्याच घरी परत आली, तर तिथून दहावं घर धरायचं असतं." तिने दहा घरं मोजली. चिंचोका वृषभेवर पडला. "महाराज, लोकांना तुम्ही बैल दिसता."

राजा सिंहासनावरून उठला.

"शब्द मागे घे," राजा गरजला. "घर देतो."

तिने चिंचोका वृषभेवरच राहू दिला. ती म्हणाली, "घरासाठी गणित बदलणार नाही. दहावं घर कामाचं. नांगराचा बैल की मोकाट वळू, ते तुमचं काम ठरवतं. मला नका विचारू, जोंधळा पेरणाऱ्याला विचारा."

दारात एक म्हातारा शेतकरी तीन दिवस फिर्याद घेऊन उभा होता. राजाने त्याला पुढे बोलावलं.

"महाराज, शिकारीला तुमी घोडी आमच्या जोंधळ्यातनं घालता," म्हातारा चाचरत म्हणाला. "तुमी दिसला की गाव म्हनतं, वळू आला, पोरं आत घ्या."

राजाची मान खाली गेली. त्याने वृषभेवरच्या चिंचोक्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाईंची मोजणी बरोबर आहे."

त्या दिवसापासून शिकारीची वाट शेतं सोडून डोंगराकडून जाऊ लागली. जोशीणबाई आपल्या घरातच राहिली, राजजोशी म्हणून.

सुगी झाली तेव्हा तोच म्हातारा तिच्या ओट्यावर जोंधळ्याची टोपली ठेवून गेला. जाताना म्हणाला, "बाई, यंदा वळू आला न्हाई."

तात्पर्य: आपण लोकांना कसे दिसतो हे आपलं काम ठरवतं; आणि ते मोजायला बसलं, तर सोयीच्या घरात थांबू नये.