सशाच्या आधी

फार पूर्वी एका माळावर सुगरण सगळ्या पाखरांना घरटी विणून देई. तिला गवत पुरवत ससा आणि सायाळ. एकदा ती म्हणाली, "गवत मुळासकट उपटू नका, माळ उघडा पडतो. वरून कापून आणा."

सायाळीने ते हसण्यावारी नेलं, सशाने ऐकलं. मग सुगरण सशाचाच भारा आधी घेऊ लागली, चारचौघांत त्याचं कौतुक करू लागली. सायाळीच्या पोटात दुखू लागलं, अन्न गोड लागेना. शेवटी तीही गवत कापून आणू लागली, तेही सशाहून नेटकं.

"माळाची एवढी काळजी कधीपासून, सायाळताई?" सशाने विचारलं.

"काळजी कसली मेली! सुगरणीने तुझ्याआधी मला हाक मारावी, बस!"

पुढच्या पावसाळ्यात माळ कुठेच उघडा राहिला नाही. सायाळीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती सशाचा भारा न्याहाळत होती.