कासारणीची लेक आणि तीन शाळा

एका बाजाराच्या गावात सगुणा नावाची एक कासारीण राहत होती, आणि ती पार दमून गेली होती. बांगड्यांच्या पेटीने नव्हे हो! पेटी तर ती वीस वर्षं खांद्याला अडकवून गावोगाव फिरत होती. तिला दमवलं होतं लेकीच्या शाळेने.

धंद्यात सगुणा पक्की. बाईचा हात नुसता हातात घेतला की तिला माप कळे. अंगठा आत दुमडायचा, बोटं जुळवायची, इकडच्या तिकडच्या गप्पा काढायच्या, आणि बांगडी मनगटावर! बाईला पत्तासुद्धा लागत नसे. सासूने तिला एकच गोष्ट शिकवली होती. "हात काय म्हणतो ते आधी ऐक. भरताना फुटली तर ती आपल्या पदरची." वीस वर्षांत सगुणाने कुणाच्या हाताला साधा ओरखडा येऊ दिला नव्हता.

तिची लेक तानी तेरा वर्षांची. हुशार पोर, पण बसून तिला काही सुचत नसे. गणित घातलं की ती उठायची, चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे, आणि उत्तर घेऊनच थांबायची. वर प्रश्नांची सरबत्ती. मुंगी भिंतीवरून पडत कशी नाही? शिळ्या भाकरीला वेगळा वास का येतो? गावच्या शाळेत हे खपून गेलं, कारण तिथले गुरुजी स्वतःच वर्गभर फेऱ्या मारत. पण गावची शाळा सातवीला संपली.

मग तालुक्याची शाळा आली. पहिल्याच आठवड्यात घरी चिठ्ठी: मुलगी जागेवर बसत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून तिला भिंतीकडे तोंड करून उभं करू लागले. दिवाळीपर्यंत तानी बसायला शिकली. पण तिचे प्रश्न बंद झाले, मग उत्तरं बंद झाली, आणि हळूहळू बोलणंच बंद झालं. घरी यायची, भाकरी खायची आणि भिंतीकडे बघत बसायची. वर्षाच्या शेवटी नापास झाली. मास्तरांनी दाखला हातात ठेवला. "हिला दुसरीकडे कुठे बघा," म्हणाले.

बघा म्हणणं सोपं असतं. सगुणाचा नवरा माल आणायला परगावी जायचा, आणि घरी आला की म्हणायचा, "तूच बघ काय ते." शेजारीण म्हणाली, "नदीपलीकडे एक बाई शाळा चालवतात. मुलं अंगणात शिकतात, माती कालवतात. घंटासुद्धा नाही." सगुणा वैतागली. "माती कालवायला शाळा कशाला हवी गं? आमच्या दारात काय कमी आहे?"

तिने धरली मोठी शाळा, दगडी कमानीची. चार खेटे घातले. चौथ्या खेपेला हेडमास्तर म्हणाले, "घेतो. पण वर्षभर विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही आणि जागचं हलायचं नाही. अशी पुष्कळ पोरं आम्ही सरळ केली आहेत. सोमवारी घेऊन या."

सगुणाने हात जोडले. सुटले एकदाची, असं तिला वाटलं. तानी कमानीकडे बघत राहिली.

रविवारी एका लग्नघरी चुडा भरायचा होता. तानीला तिने बरोबर नेलं. नवरीचा हात धरला तेव्हाच सगुणाला कळलं, हिला एक माप वरची बांगडी लागणार. पण वरच्या मापाचा चुडा पेटीच्या तळाशी होता. मागे अकरा बायका ताटकळत होत्या. कमरेत कळ येत होती. "बसेल, बसेल," असं स्वतःशीच म्हणत तिने हातातलीच बांगडी सरकवली आणि सांध्यावर जोर केला.

बायाबापड्या बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पण ही फुटलीच. नवरीच्या हातातून रक्त आलं. "अगं बाई!" म्हणत बायकांनी तोंडाला पदर लावला. नवरीच्या चुड्याची पहिलीच बांगडी! नवरी गुणाची. जखमेवर हळद दाबून म्हणाली, "असू दे मावशी. दुसरी भरा."

तेवढ्यात तानीने तळातून वरच्या मापाचा चुडा काढून पुढे धरला. कित्येक महिन्यांत ती पहिल्यांदा आपणहून बोलली.

"आई, ती बसणार नाही हे तुला कळलं होतं ना?"

"कळलं होतं."

"मग जोर का केलास?"

"दमले होते गं."

तानीने जरा विचार केला. "आमचे मास्तरपण दमलेले असायचे," ती म्हणाली.

सगुणाने लेकीच्या हातातला चुडा घेतला. तिने तो हलक्या हाताने भरला. रिवाजाप्रमाणे नवरी तिच्या पाया पडली, पण तो नमस्कार काही तिला घेववेना.

सोमवारी मायलेकी निघाल्या. फाट्यावर एक वाट कमानीकडे जात होती आणि एक होडीच्या धक्क्याकडे. सगुणा थांबली. मोठी शाळा सोडली तर ती पुन्हा दारात उभं करणार नव्हती. पलीकडे काय आहे ते ठाऊक नव्हतं. लोक तर हसणारच होते. तिने लेकीचा हात हातात घेतला. घट्ट मिटलेला होता, आणि गार. ती धक्क्याकडे वळली.

अंगणातल्या शाळेच्या बाईंचे हात खरंच मातीने भरलेले होते. मागच्या दोन्ही शाळांत जाताना सगुणाने लेकीला पढवून नेलं होतं: हात जोड, खाली बघ, हलू नकोस. आज तिने खरं तेच सांगितलं. "बाई, ही बसत नाही, चालते. फार प्रश्न विचारते. म्हणजे विचारायची. नापासही झाली आहे."

बाईंनी तानीकडे पाहिलं. "केवढं चालतेस? आमचं अंगण पुरेल का?"

तानीने अंगणाकडे पाहिलं. मग एकेक पाऊल मोजत कुंपणापर्यंत गेली, मोजत परत आली. "पुरेल," ती म्हणाली.

"पण लगेच काही होणार नाही हं," बाई सगुणाला म्हणाल्या. "गप्प झालेलं मूल बोलायला वेळ घेतं. आम्हालाही प्रत्येक वेळी जमतंच असं नाही."

वर्षभरात तिच्याशी इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं. सगुणा पेटीला टेकून ओट्यावर बसली आणि तिथेच तिचा डोळा लागला.

पुढे चार महिने तानीने ते अंगण तुडवलं. "आज काय विचारलंस?" असं सगुणा रोज विचारी, आणि "काही नाही" हे उत्तर रोज ऐके. चुकलं की काय, असंही तिच्या मनात येई. मग एका संध्याकाळी होडीतून परतताना तानीने आईच्या हातातली बांगडी बोटाने फिरवली.

"आई, हा हिरवा रंग काचेच्या आत कसा जातो? वरून लावला असता तर खरवडून निघाला असता ना?"

वीस वर्षं बांगड्या विकून सगुणाच्या हे कधी मनातही आलं नव्हतं. "मला काय ठाऊक बाई! उद्या शाळेत विचार," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसू लागली.

तात्पर्य: मूल शाळेत मावत नसेल तर मुलावर जोर करू नये, त्याच्या मापाची शाळा शोधावी. आपण दमलो होतो हे खरं असलं, तरी जखम होते ती मुलाला.