दोराचं दुसरं टोक

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे आमच्या उंबरगव्हाणला रस्ता नव्हता, शाळा नव्हती आणि जांभळीवाल्यांना एवढी मस्ती नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. जांभळी म्हणजे ओढ्यापलीकडचं गाव. ते सांगतात, साळूबाई त्यांची. खोटं आहे. साळू आमची. आणि नुसती साळू नव्हती, हौसाही होती. हौसाचं नाव जांभळीवाले घेत नाहीत, तिथंच त्यांचं खोटं उघडं पडतं. ऐका.

गावकुसाबाहेर, मांगवाड्यात, दोन जावा राहायच्या. थोरली साळू, धाकली हौसा. पटकीची साथ आली आणि दोघींचे नवरे एकाच हंगामात गेले. पोटाला धंदा होता दोर वळायचा. अंबाडी ओढ्यात भिजत घालायची, सोलून तिचा वाख काढायचा, त्या वाखाचा दोर. साळू पायानं अधू. म्हणून ती अंगणात बसून पदरातला वाख थोडा थोडा सोडायची. आणि हौसा दुसरं टोक लाकडी फिरकीला अडकवून, फिरकी गरागरा फिरवत उलट पावलांनी मागं मागं जायची. पीळ बसला की दोर आखडतो, समोरच्याला जवळ ओढतो. म्हणून बसणारीनं वाख सोडत राहायचं आणि चालणारीनं मागं सरत राहायचं. एकटीला दोर वळता येत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

त्यांच्या दोरानं हत्ती बांधावा, असं म्हणतात. आमच्याकडं हत्ती कुठला यायला, पण म्हणतात.

एक दिवस हौसा ओढ्यावर गेली होती. सुताराची तुळसा अंगणात आली. तिचं तान्हं पोर गेलं तेव्हापासून ती बोलत नव्हती. जेवण नाही, झोप नाही, डोळ्याला पाणी नाही. देवऋषानं कोंबडं कापलं. कोंबडं देवऋषानं खाल्लं, तुळसा होती तशीच. ती पाळण्याची दोरी परत द्यायला आली होती. पण देईना. दोरी मुठीत धरून नुसती उभी.

साळू म्हणाली, "उभीच हाईस तर फिरकी धर की. हौसा न्हाई आज."

शिवाशिवीचा काळ. सुतारीण एरवी त्या अंगणात थांबली नसती. पण दोराला विटाळ नाही असं गावानं आपल्या सोयीनं ठरवलेलं, कारण दोराशिवाय विहिरीचं पाणी वर येत नव्हतं.

तुळसा फिरकी फिरवत मागं गेली, पार बाभळीपर्यंत. तिथून साळूचं तोंड दिसेना, नुसते हात दिसत होते. आणि तिथं तुळसाला वाचा फुटली. पोराचं नाव घेतलं तिनं. साळूनं मान वर केली नाही. रडू नको म्हणाली नाही, देवाची मर्जी म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "म्या धरलंय. बोल." तुळसा अडली की, "मग?" बस्स. दोर पुरा झाला तेव्हा तुळसा ओक्साबोक्शी रडली, आणि घरी जाऊन भाकरी खाल्ली.

झालं. लोक लागले यायला. ज्याला झोप नाही तो. जिला बाळंतपणानंतर स्वतःचं लेकरू बघवत नाही ती. भांडं पडलं तरी दचकून भिंतीला चिकटणारा, लढाईवरून आलेला शिपाई. वेड लागलं म्हणून घरच्यांनी कोंडून ठेवलेला एक तेली. त्याला बघून लोक हसले, तर साळू त्यांच्यावर खेकसली, "माझा पाय अधू हाय त्यो दिसतोय तुमास्नी. ह्याचं दिसत न्हाई, एवढंच. गप ऱ्हावा." सगळे बरे झाले असं म्हणतात. सगळे कसे होतील? पण एकटं कुणी उरलं नाही, हे खरं.

आता हौसाचं बघा. ही गोष्ट सांगणारे इथं घाई करतात. मी करणार नाही.

हौसा ओढ्यावरून आली तेव्हा तिच्या जागेवर तुळसा होती. एक दिवस चालतं. दुसऱ्या दिवशी दुसरं कोणी, मग रोजच कोणी ना कोणी. साळू म्हणायची, "हौसे, तू मागं बसून वाख सोल." हौसा कुडाआड बसायची. तिथं सगळं ऐकू यायचं. साळूचा तो "मग?" इतका मऊ, की हौसा वाख सोलायचा सोडून ओरबाडायला लागायची.

सांजच्याला हौसा काही सांगायला जायची. "आक्का, आज ओढ्यावर काय झालं..."

"उंद्या सांग गं. कान दुखत्यात."

"गावाला कान आन मला पाठ व्हय?"

साळू हसायची आणि कूस बदलायची. इथं चुकली ती. घरचं माणूस, त्याला काय विचारायचं, असं तिला वाटलं.

हौसाचं अन्नावरचं मन उडालं. अंगणात कोण आलं की ती त्याचं दुःख स्वतःच्या दुःखाशी तोलायची. हिचं पोर गेलं तर हिला फिरकी. माझा नवरा गेला तर मला अंबाडी. कोणी हसत परत गेला की तिला वाटायचं, माझ्या वाटणीचं घेऊन चालला. दुसऱ्याच्या रडण्याचाही मत्सर होतो माणसाला. हसू नका. ज्याला झालाय त्याला विचारा. गावात सगळ्यांना जे झालं होतं तेच हौसाला झालं होतं. पण ती दारातून आली नव्हती, घरातच होती, म्हणून साळूला दिसलं नाही.

एकदा पाटलाच्या मोटेसाठी नवा नाडा वळायचा होता. नाडा म्हणजे मोट ओढायचा जाड दोर. हौसानं अंबाडीची एक मोळी पाण्यात जास्त दिवस ठेवली. जास्त भिजला की वाख कुजतो. तो कुजका वाख तिनं वास जाईपर्यंत उन्हात वाळवून चांगल्याच्या पोटात घातला आणि मुकाट साळूच्या पदरात टाकला. साळूच्या नावाला एकदा बट्टा लागू दे, अंगण ओस पडू दे, मग माझी फिरकी मला.

नाडा भर मोटेला तुटला. मोट विहिरीत गेली, बैल तोंडावर पडला, त्याचा पाय मोडला. पाटील अंगणात येऊन ओरडला, "साळे, गावाची रडगाणी ऐकत वळतीस, दोर असाच व्हायचा! उद्यापासनं इथं कुणी पाय ठेवायचा न्हाई!"

अंगण ओस पडलं. हौसाला हवं ते मिळालं. तिनं फिरकी उचलली आणि साळूसमोर उभी राहिली. साळूनं विहिरीत भिजलेलं तुटकं टोक नाकाशी नेलं. कुजक्या वाखाचा वास तिला कळणार नाही होय? तिनं हौसाकडं एकदा बघितलं आणि टोक खाली ठेवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तर हौसा घरात नव्हती. खुंटीवरचं दावं नव्हतं.

साळूनं गाव गोळा होईल अशी हाक मारली. सगळ्यात आधी तुळसा धावत आली. मग शिपाई, तेली, सगळे आले. पाटलाचा हुकूम कोणी ऐकला नाही. वर बघतात तर भैरोबाच्या डोंगरावर, कड्याच्या टोकाला, हौसा दावं घेऊन बसलेली. तुळसा चढून गेली तर हौसा ओरडली, "पुढं आलीस तर बघ! माझ्या जागेवर तर उभी ऱ्हातेसच. आता इथं बी येणार?"

तुळसा जागच्या जागी थांबली. खाली आरोळी गेली. साळूला तर डोंगर चढता येत नव्हता.

तेव्हा साळू अंगणात आपल्या जागेवर बसली. पदरात वाख घेतला आणि म्हणाली, "फिरकी तिच्याकडं न्या."

फिरकी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेली. ज्यांनी ज्यांनी कधी ती धरली होती ते सगळे डोंगराच्या उतारावर ओळीनं उभे राहिले. साळू वाख सोडत गेली, दोर वाढत गेला. त्या दिवशी तिच्या पदरातला वाख संपलाच नाही असं म्हणतात. शेवटी तुळसानं फिरकी खडकावरून सरकवली, ती हौसाच्या पायाशी जाऊन थांबली.

हौसानं फिरकीकडं बघितलं. मग दावं बाजूला टाकलं आणि फिरकी उचलली. बोलणं दोरातून असं गेलं, जशा काही दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्यात. असं म्हणतात.

हौसा पहिलं काय म्हणाली? "आधी ह्या सगळ्यांना हाकल."

"जावा रं सगळे," साळू म्हणाली. सगळे खाली आले.

"वाख म्या कुजवला."

"ठावं हाय. म्या धरलंय. बोल."

हौसा फिरकी फिरवायला लागली. म्हणाली, "आक्का, माझा दादला गेला तवा तू मला एकदा तरी 'मग' म्हणालीस का?"

दोर हलायचा थांबला.

"न्हाई म्हणाले," साळू म्हणाली. "मग?"

मग हौसा बोलली. नवऱ्याचं, कुडाआडचं, भुकेचं, तुळसाचा गळा धरावासा वाटला त्याचं. आणि साळूनं काय केलं, तर वाख सोडायचा थांबवला. पीळ बसत गेला, दोर आखडत गेला. एक एक गोष्ट बोलली की हौसा एक एक पाऊल खाली. कड्यावरून उतारावर, उतारावरून बांधावर, बांधावरून अंगणात. सूर्य कलला तेव्हा दोन्ही टोकांत वीतभर दोर उरला होता आणि दोघींची डोकी एकमेकींना लागली होती.

पुढं लोक पुन्हा यायला लागले. पण दिवसाचा शेवटचा दोर हौसाचा, मग दारात कोणी का उभा असेना. आणि कधी कधी साळू बोलायची, हौसा म्हणायची, "मग?"

जांभळीवाल्यांनी तिकडं देऊळ बांधलं. पत्रा घातला, कर्णा लावला, जत्रा भरवतात. गर्दी होते, होऊ दे. आम्हाला काय त्याचं. पण मूर्ती बसवली एकट्या साळूची. वाख घेऊन बसलीय आणि समोर कोणी नाही! अरे, मग दोर वळणार कसा?

आमच्याकडं देऊळ नाही. आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी घराघरात बैलांचे कासरे दोघं दोघं मिळून वळतात, आणि पहिली फिरकी आपल्याच घरातल्या माणसाला द्यायची असते. ज्याच्याशी सगळ्यात कमी बोलणं झालं त्याला. तालुक्याला आता मनाचा डॉक्टर बसतो. तिथंही आमचा माणूस एकटा जात नाही, बाहेर बाकड्यावर कोणीतरी बसलेलं असतं. आणि दोर तर आता नायलॉनचा दुकानात मिळतो. पण उंबरगव्हाणात तुम्ही एकटे गेलात तर दुकानदार दोर देणार नाही. पैसे दाखवा, ओरडा, मी ओरडून बघितलंय. तो दोर काढतो, एक टोक स्वतःच्या हातात ठेवतो आणि विचारतो, "दुसरं कोण धरणार?"

कोणी नाही म्हणालात, तर तो गल्ल्यावरून उठतो, दुकानाची फळी लावतो आणि म्हणतो, "म्या धरलंय. बोला."