न धुतलेला शेला

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हाच्या राजांची नावं आज कुणालाही आठवत नाहीत आणि न आठवली तरी काही बिघडत नाही. पण एका गावाने काय केलं, ते विसरून चालणार नाही.

नदीच्या वळणावर परटांचं एक गाव होतं. राजाचे अंगरखे, सावकाराची धोतरं, बाळंतिणींची लुगडी, अख्ख्या राज्याचं धुणं तिथे यायचं आणि भट्टीत उकळून, दगडावर आपटून, उन्हात वाळून स्वच्छ परत जायचं. तेलाचा डाग असो की रक्ताचा, ते लोक तो काढायचेच.

आणि त्याच गावात एक कापड असं होतं, जे कधीही धुतलं गेलं नव्हतं.

तो देवीचा शेला होता. लग्न होऊन आलेल्या प्रत्येक सुनेने तो महिनाभर कमरेला गुंडाळायचा. एकीने सोडला की तो देवळात ठेवायचा आणि पुढच्या सुनेने बांधायचा. धुतला तर देवीची कृपा पाण्याबरोबर वाहून जाईल, असं सगळे मानायचे. सुना दिवसभर कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून कपडे धुवायच्या. शेला अंगावरच भिजायचा, अंगावरच सुकायचा आणि पुन्हा भिजायचा.

मग कुणाच्या तरी कमरेवर चट्टा उठायचा. गोल, लाल कडेचा, आणि खाज अशी की घास घशाखाली उतरू नये. घाटावरच्या एखाद्या बाप्याला असा चट्टा उठला, तर सगळे म्हणायचे, "नायटा झालाय." पण तोच चट्टा सुनेच्या कमरेवर उठला, की तो देवीचा नकार व्हायचा! महिना संपताना जिच्या अंगावर चट्टा दिसेल, तिला होडीत बसवून कायमची माहेरी धाडायचे.

अशा किती होड्या गेल्या, याचा हिशेब त्या गावाने कधी ठेवला नाही. स्वतःच्या लाजेचा हिशेब कोण ठेवतो?

एका वर्षी आवडी नावाची मुलगी त्या गावात सून म्हणून आली. बोलकी होती, हसरी होती. नदीपलीकडच्या माहेरी तिचा बाप एकटा आणि आजारी होता. लेक टाकून दिलेली परत आली, तर तो खचून जाईल, हे तिला ठाऊक होतं. म्हणून कमरेवर पहिला चट्टा उठला, तेव्हा ती रडत बसली नाही. थेट वैद्यबाबांकडे गेली.

वैद्यबाबा विद्वान होते. राजाच्या दरबारातूनही त्यांना बोलावणं यायचं. त्यांनी चट्टा पाहिला आणि म्हणाले, "घाबरू नकोस, पोरी. टाकळ्याचं बी आंबट ताकात भिजवून वाट आणि त्याचा लेप लाव. सुकला की कडुनिंबाचा पाला उकळलेल्या पाण्याने धुऊन काढ. अंग कोरडं कर. मग करंजाचं तेल लाव."

"एवढ्याने जाईल?"

"जाईल. फक्त अंगाला लागणारा कपडा रोज उकळून कडक उन्हात वाळवायचा. ते केलं नाहीस, तर सगळं फुकट."

आवडीने कमरेच्या शेल्याकडे पाहिलं. "म्हणजे हा?"

वैद्यबाबांनी खलबत्ता उचलून कोनाड्यात ठेवला. "शेल्याबद्दल मी काही बोललेलो नाही."

"पण तुम्हाला ठाऊक आहे!"

"पोरी, मला या गावात राहायचंय."

आवडीने लेप लावला, पाला उकळला, तेल चोळलं. एक चट्टा फिका पडला की शेल्याखाली दुसरा उठायचा. सासूने एकदा तिला बी वाटताना पाहिलं आणि दार लोटून घेतलं. हळूच म्हणाली, "अगं, आम्हीसुद्धा चोरून हेच लावलं. माझ्या नशिबाने गेला, म्हणून आज या घरात आहे. तोंड मिट आणि वाट."

महिना संपला. देवळासमोर गाव जमला. बायकांनी आवडीची कंबर पाहिली आणि गावप्रमुखाने जाहीर केलं, "देवीने नाकारलं."

आवडी ओरडली, "वैद्यबाबा! मला जे सांगितलंत, ते इथे सांगा!"

सगळ्यांनी वैद्यबाबांकडे पाहिलं. ते घसा खाकरून म्हणाले, "टाकळ्याचं बी... आंबट ताकात..."

"त्याच्या पुढचं सांगा!"

वैद्यबाबा गर्दीत मागे सरकले. नवरा आईच्या मागे जाऊन उभा राहिला. सासूने पदर तोंडावर ओढला. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि सगळे गप्प होते. एक बाई तेवढी हसून म्हणाली, "जा गं, माहेरी जाऊन खाजव आता!"

होडी गेली. आवडीचा बाप त्या धक्क्यातून सावरला नाही. आवडी मात्र बरी झाली. तोच टाकळा, तेच ताक, तेच तेल. फक्त शेला नव्हता.

पुढच्या वर्षी वैद्यबाबांच्या लेकीचं लग्न त्याच गावातल्या एका घरात झालं. तिच्या कमरेला शेला बांधला गेला. काही दिवसांनी ती बापाकडे आली आणि तिने लुगड्याची कड जरा खाली केली.

महिना संपला, तेव्हा देवळासमोर वैद्यबाबा ओरडून ओरडून सांगत होते, "हा नायटा आहे! देवीचा काही संबंध नाही! शेल्यातून येतोय, शेला उकळा!"

गावप्रमुख म्हणाला, "वा, वैद्यबाबा! लोकांच्या लेकी गेल्या तेव्हा देवी खरी होती. तुमच्या लेकीची पाळी आली तशी खोटी झाली होय?"

गाव हसला. लेकीचं माहेर याच गावात, म्हणून होडी तिला नदीपलीकडे सोडायला सुटली.

तेव्हा वैद्यबाबांनी देवळात शिरून शेला ओढून काढला आणि सगळ्यांदेखत उकळत्या भट्टीत टाकला. पाणी काळं झालं. दुसऱ्यांदा उकळला, तरी काळं. अख्ख्या राज्याचा मळ काढणारे ते लोक भट्टीभोवती उभे राहून आपल्या देवळातला मळ बघत राहिले. देवी कोपली नाही. पुढे वर्षभरात आलेल्या एकाही सुनेला चट्टा उठला नाही.

वैद्यबाबा मात्र शेला उकळला त्याच दिवशी धावत नदी ओलांडून लेकीला आणायला गेले. ती आवडीच्या घरी होती. आवडी तिच्या कमरेला लेप लावत होती.

"चल बाळ, शेला धुतला," ते म्हणाले. "आता कुणी काही बोलणार नाही."

लेकीने विचारलं, "बाबा, माझ्या आधी कितीजणी तुमच्या दारात येऊन गेल्या?"

वैद्यबाबा एकटेच होडीत जाऊन बसले. लेक परत आली नाही.

म्हणून लहानांनो, मोठ्यांनो, नीट ऐका: रोगाचं मूळ ठाऊक असून जो नुसतं औषध सांगतो आणि मुळाबद्दल गप्प राहतो, तो वैद्य नव्हे, तो रोगाचाच साथीदार असतो.