इनासचे दोन ट्युबा

"यातला कुठला घेऊ, मास्तर?"

बँडच्या बस्त्याव मास्तरांच्या अंगणात इनासने हे विचारलं, तेव्हा आत ओटीवर पास्कूची शवपेटी उघडी होती. पास्कू म्हणजे मास्तरांचा एकुलता एक मुलगा, आमच्या वसईच्या बँडचा बासवाला, सगळ्यांच्या खालचा सूर धरणारा. कावीळ अंगावर काढली आणि भर तारुण्यात गेला.

मी क्लॅरिनेटवाला. शेजारीच बसलो होतो. वाटलं, उठावं आणि याच्या एक कानाखाली ठेवून द्यावी.

इनासही मास्तरांच्याच हाताखाली शिकलेला, पास्कूच्या जोडीने. आता मुंबईच्या मोठ्या ऑर्केस्ट्रात शिरायची धडपड चालली होती. सोमवारी परीक्षा. त्यासाठी दुकानातून दोन एफ ट्युबा, बासचे मोठे पितळी कर्णे, पारखायला आणले होते, त्यातला एक संध्याकाळपर्यंत परत द्यायचा होता. म्हणून मयताला आला तो दोन्ही घेऊनच. पास्कू इस्पितळात पडून होता तेव्हा मात्र साहेबांना सरावातून सवड झाली नव्हती.

"या नव्याचे व्हॉल्व्ह बघा, लोण्यासारखे. खालचा सी सूर आपोआप बसतो. त्या जुन्याचा आवाज गोड आहे, पण खालचा सी आपणच धरून ठेवायचा. जरा दम हलला की फाटतो. एफ ट्युबाचं दुखणंच आहे ते... परीक्षेत फाटला तर माझं संपलं, मास्तर."

मास्तरांनी दोन्ही ट्युबांकडे एकदा बघितलं आणि विचारलं,

"आज बास कोण वाजवणार?"

बास वाजवणारा पेटीत होता.

"तू वाजव," मास्तर म्हणाले. "रस्त्यात नवा. मातीवर, पेटी सोडताना, जुना."

"आज? मास्तर, पारख काय आज..."

"तूच आणलेस ना?"

इनासने नवा ट्युबा उचलून खांद्याशी लावला.

मयत निघालं. माझा राग होता तरी सांगतो, असा बास आमच्या बँडला कधी मिळाला नव्हता. खालचा सी दरवेळी जागच्या जागी. चालताना एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. इनासची मान ताठ आणि नजर समोर. पेटीकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

सिमेट्रीत फादरांची प्रार्थना झाली. इनासने जुना ट्युबा उचलला.

आमच्या बँडची एक रीत आहे. पेटी दोरांवरून खाली सोडू लागले की बाकीची वाद्यं थांबतात. बास एकटाच खालचा सूर धरतो, मातीची पहिली मूठ पडेपर्यंत. आजवर हा सूर पास्कू धरायचा.

इनासने सूर धरला. चांगला धरला. पेटी तळाला टेकली.

मास्तरांनी मूठभर माती घेतली. खड्ड्याच्या काठाशी उभे राहिले.

टाकेनात.

"टाका मास्तर," मी हळूच म्हटलं. "पोराचा दम संपला."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मूठ तशीच आवळलेली.

इनासने घाईने श्वास घेतला, पुन्हा धरला. पुन्हा घेतला. मूठ कधी उघडते ते बघायला त्याने खाली पाहिलं, आणि तिथे पास्कू होता...

सूर हलला. मग फाटला. म्हशीने हंबरावं तसा काहीतरी आवाज निघाला त्या ट्युबातून. इनास गुडघ्यांवर बसला आणि ट्युबा मिठीत धरून ओक्साबोक्शी रडू लागला. "पास्कू... अरे, मी यायला हवं होतं रे..."

मास्तरांनी मूठ उघडली.

आम्ही घरी परतलो. बायका आत रडत होत्या. मास्तर अंगणात बाकावर बसले होते. इनास समोर येऊन उभा राहिला. डोळे सुजलेले, पण मान पुन्हा थोडी वर आली होती.

"माफ करा, मास्तर. सगळ्या गावासमोर फाटला. शोभा झाली माझी. जुना परत करतो."

त्याने बाहीने तोंड पुसलं.

"नवाच घेतो. रस्त्याने कसा वाजला, ऐकलंत ना तुम्ही? एकही सूर..."

मास्तरांनी मान वर केली. खरोखरच आठवून बघत असावेत असे ते त्याच्याकडे बघत होते.

"रस्त्याने?... रस्त्याने तू वाजवत होतास? मला तर मातीवरचाच ऐकू आला."